वेंडेल स्कॉट : उशिरा मोजलेला विजय

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील लहान गावांमध्ये शनिवार-रविवारचा एक ठरलेला क्रम असे. आठवडाभर कापडगिरणीत, तंबाखूच्या गोदामात किंवा शेतावर राबलेली माणसे शनिवारी संध्याकाळी जत्रेच्या मैदानाकडे निघत. तेथे लाकडी बाकांच्या रांगांसमोर लालसर चिकणमातीचा लंबवर्तुळाकार ट्रॅक असे; कुठे पाव मैलाचा, कुठे अर्ध्या मैलाचा. शर्यतीपूर्वी मातीवर पाणी मारून ती दाबून बसवली जाई. पहिल्या काही फेऱ्यांत चिखलाचे गोळे उडत, मग माती सुकून धुळीचे लोट उठत आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत वळणांवर खड्डे पडत. या ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारी शर्यतीसाठी म्हणून घडवलेल्या नसत. दुकानात कोणालाही विकत मिळणारी साधी मोटार गॅरेजमध्ये मजबूत करून घ्यायची आणि मैदानात उतरवायची, अशी रीत होती. स्टॉक कार शर्यत हे नाव त्यावरूनच पडले.

या खेळात जिंकले कोण, हे नुसत्या डोळ्यांना नेहमीच कळत नाही. शंभर-दोनशे फेऱ्यांच्या शर्यतीत पुढच्या मोटारी मागच्यांना गाठून एकेक, दोन-दोन फेऱ्यांनी पुढे जातात. कोणी टायर बदलायला थांबतो, कोणी इंजिन तापले म्हणून बाजूला होतो. धुळीत सगळ्या मोटारी एकाच रंगाच्या दिसू लागतात. म्हणून त्या काळी फेऱ्यांची नोंद ठेवणारी माणसे कागद घेऊन बसत आणि मोटार समोरून गेली की टिपून ठेवत. शेवटी त्या कागदांचा मेळ घातला जाई. शर्यत मातीवर होई, निकाल कागदावर लागे. वेंडेल स्कॉट यांचे आयुष्य या दोन जागांमधल्या अंतरात गेले.

वेंडेल ऑलिव्हर स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. डॅन नदीच्या काठचे हे गाव तंबाखू आणि कापडगिरण्यांवर जगणारे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, एप्रिल १८६५ मध्ये, गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणी राज्यांची राजधानी जेमतेम आठवडाभर याच गावात होती आणि गावाला त्या आठवणीचा अभिमान होता. शाळा, उपाहारगृहे, बसमधील जागा, मैदानावरील बाके, सारे काही गोऱ्यांचे वेगळे आणि कृष्णवर्णीयांचे वेगळे होते. वेंडेलचे वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे मोटारचालक आणि मेकॅनिक म्हणून काम करीत. इंजिन उघडायचे कसे, बिघाड आवाजावरून ओळखायचा कसा, हे मुलाने त्यांच्याकडूनच उचलले. वेगाची ओढही त्यांच्याकडूनच आली. लहानपणी वेंडेल सायकलवरून गोऱ्या मुलांशी शर्यती लावी. गावातल्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारी गिरणीतली किंवा तंबाखूची नोकरी करायची नाही, हे त्याने फार लवकर ठरवले. दुसऱ्याच्या हुकमाखाली आयुष्य काढायचे नाही, हा त्यामागचा विचार होता.

शाळा अर्धवट सोडून त्यांनी टॅक्सी चालवली. १९४३ मध्ये मेरी कोल्स यांच्याशी विवाह केला. युद्धकाळात ते सैन्यात गेले. तेव्हाच्या अमेरिकी सैन्यातही वर्णभेद होताच. कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत. युरोपातून परतल्यावर त्यांनी डॅनव्हिलमध्ये गॅरेज टाकले. संसार वाढत होता, गॅरेजचे उत्पन्न पुरत नव्हते, आणि त्या मुलखात वेगवान मोटार असलेल्या माणसाला पैसा मिळवायचा आणखी एक मार्ग ठाऊक होता. डोंगराळ भागातील चोरट्या भट्ट्यांची दारू रात्रीच्या अंधारात गावोगाव पोचवण्याचा तो धंदा. या कामासाठी मोटार बाहेरून अगदी साधी दिसावी लागे आणि आतून पोलिसांच्या मोटारीपेक्षा जोरदार असावी लागे. स्कॉट यांची मोटार तशी होती. १९४९ मध्ये ते एकदा पकडले गेले आणि तीन वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटले. पण रात्रीच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. स्टॉक कार शर्यतींच्या पहिल्या पिढीतील अनेक गोरे चालकही याच वाटेने आले होते. कच्च्या, वळणावळणाच्या रस्त्यांवर दिवे बंद करून मोटार पळवणाऱ्यांना मातीचा ट्रॅक अवघड वाटत नसे.

शनिवार-रविवारी स्कॉट शर्यती पाहायला जात आणि कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या बाकांवर बसत. १९५२ च्या मे महिन्यात त्यांना त्या बाकांवरून उठून मैदानात यायची संधी मिळाली, तीही एका विचित्र कारणाने. डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर शर्यती भरवणाऱ्या आयोजकांना गर्दी कमी पडत होती. गोऱ्या चालकांमध्ये एक कृष्णवर्णीय चालक उतरवला तर लोक कुतूहलाने येतील, असा हिशेब त्यांनी मांडला. असा चालक कोण, हे विचारायला ते पोलिसांकडे गेले. ज्याचा पाठलाग करून पोलीस थकले होते, त्याचेच नाव पोलिसांनी सुचवले.

२३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिल्यांदा ट्रॅकवर उतरले. प्रेक्षकांतील काहींनी हुर्यो उडवली, मोटारही मध्येच बिघडली. आयोजकांच्या दृष्टीने तो गंमतीचा प्रयोग तेथेच संपायला हरकत नव्हती. स्कॉट यांच्यासाठी मात्र तेथून सुरुवात झाली. त्यांनी मोटार दुरुस्त केली आणि दुसऱ्याच दिवशी ती दुसऱ्या वाहनामागे जोडून उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम गाठले. तेथील शर्यत नॅसकारच्या मान्यतेची होती. बिल फ्रान्स यांनी १९४८ च्या सुरुवातीला स्थापन केलेली ही संस्था देशातील स्टॉक कार शर्यतींना एका नियमाखाली आणू पाहत होती. अधिकाऱ्यांनी स्कॉट यांना पाहिले आणि कृष्णवर्णीयांना येथे शर्यतीत उतरता येत नाही, असे सांगून परत पाठवले. घरी परतताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, असे त्यांनीच पुढे सांगितले. काही दिवसांनी हाय पॉइंट येथे तोच अनुभव आला. तेथे एक तोडगा सुचवण्यात आला : मोटार स्कॉट यांची, पण ती एखाद्या गोऱ्या तरुणाने चालवावी. स्कॉट यांनी तो धुडकावून लावला.

मग त्यांनी नॅसकारच्या बाहेरच्या लहान ट्रॅककडे मोर्चा वळवला. शर्यतीत उतरल्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच लिंचबर्ग येथे त्यांनी हौशी गटातील एक छोटी शर्यत जिंकली. पुढे आठवड्याला पाच-पाच शर्यतींतही ते उतरू लागले. दिवसा गॅरेज, संध्याकाळी रस्ता, रात्री ट्रॅक आणि पहाटे परत घर, असा तो क्रम होता.

मातीवर मोटार चालवण्याचे तंत्र डांबरी रस्त्याहून वेगळे असते. वळणावर मागची चाके बाहेर घसरू द्यायची, स्टीअरिंग उलट दिशेला धरायचे आणि ॲक्सिलरेटरच्या दाबावर मोटारीचा तोल सांभाळत वळण काढायचे. माती ओली असताना एक रेघ वेगवान असते, सुकल्यावर दुसरी. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला की इंजिन तापते. ज्याने स्वतःच्या हाताने इंजिन बांधले आहे, त्याला ते किती ताणायचे हे कळते. स्कॉट यांची खरी जमेची बाजू हीच होती. त्यांच्याकडे नवे सुटे भाग घ्यायला पैसा नव्हता. पण जुन्या भागांकडून किती काम करून घेता येईल, याचा अंदाज त्यांचा क्वचितच चुके.

नॅसकारचे दार अखेर मुख्य प्रवेशद्वाराने नव्हे, तर बाजूच्या खिडकीने उघडले. रिचमंडच्या पाव मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर अर्धवेळ काम पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याकडे स्कॉट यांनी परवाना मागितला. आपण कशात पाऊल टाकतो आहोत याची कल्पना आहे ना, एवढीच विचारणा करून त्या अधिकाऱ्याने परवाना दिला. वरिष्ठांना ते फारसे रुचले नाही, पण दिलेला परवाना परत घेतला गेला नाही. १९५४ मध्ये रॅले येथे आणखी एक प्रसंग घडला. स्थानिक आयोजकाने गोऱ्या चालकांना पेट्रोलसाठी पैसे दिले आणि स्कॉट यांना नाकारले. स्कॉट सरळ बिल फ्रान्स यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. फ्रान्स यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि नॅसकारचा सदस्य म्हणून यापुढे तशीच वागणूक मिळेल, असे आश्वासन दिले. ते आश्वासन पुढे किती पाळले गेले, हा प्रश्न स्कॉट यांच्या उरलेल्या कारकिर्दीभर त्यांच्याबरोबर राहिला.

ट्रॅकवरचा त्रास वेगळाच होता. काही चालक मुद्दाम धडक देत, मोटार बाहेर ढकलत. उलट धडक देण्याची धमक स्कॉट यांच्यात नव्हती असे नाही. पण त्यांची परिस्थिती निराळी होती. मोटार मोडली तर पुढच्या शनिवारी उतरायला दुसरी नव्हती, आणि हातघाईवर प्रकरण आले तर बाकांवरची गर्दी कोणाच्या बाजूने मैदानात येईल हे उघड होते. म्हणून ते बहुधा अपमान गिळत आणि मोटार सांभाळत. हळूहळू काही गोऱ्या चालकांना त्यांच्या जिद्दीची ओळख पटली. कोणी वापरलेले टायर देई, कोणी सुटे भाग. १९५९ मध्ये त्यांनी व्हर्जिनिया राज्याचे स्पोर्ट्समन गटाचे अजिंक्यपद मिळवले. आता त्यांना गर्दी खेचणारा प्रयोग म्हणणे कोणालाच शक्य नव्हते.

४ मार्च १९६१ रोजी दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्गच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर ते नॅसकारच्या सर्वोच्च, म्हणजे ग्रँड नॅशनल मालिकेत उतरले. तेव्हा त्यांचे वय ३९ होते. मोठ्या संघांच्या पाठीशी मोटार कंपन्या होत्या. स्कॉट यांच्या पाठीशी त्यांचे कुटुंब होते. मुले थोडी मोठी होताच पाने घेऊन पिटमध्ये उभी राहू लागली. वाटेतली उपाहारगृहे आणि निवासगृहे त्यांना दार उघडत नसत, म्हणून जेवण घरून बांधून घ्यायचे आणि बऱ्याचदा वाहनातच झोपायचे, अशी प्रवासाची पद्धत पडली. जुलै १९६२ मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे पात्रता फेरीत त्यांनी सर्वांत वेगवान वेळ नोंदवून पहिल्या स्थानावरून सुरुवात करण्याचा मान मिळवला.

१९६३ हे वर्ष दक्षिणेत आगीचे वर्ष होते. १० जून रोजी खुद्द डॅनव्हिलमध्ये नागरी हक्कांसाठी जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पाण्याचे जोरदार फवारे सोडले. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला विराट मोर्चा निघाला. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर नऊच दिवसांनी, १ डिसेंबरच्या रविवारी, फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या स्पीडवे पार्कवर दोनशे फेऱ्यांची, म्हणजे शंभर मैलांची शर्यत होती. ट्रॅक अर्ध्या मैलाचा, मातीचा. स्कॉट यांची मोटार १९६२ ची शेव्हरोले, नेड जॅरेट या नामवंत चालकाकडून विकत घेतलेली. तिच्यावर क्रमांक होता ३४.

त्या दिवशी ट्रॅकची अवस्था वाईट होती. अशा ट्रॅकवर जोरदार मोटारींचेच अधिक नुकसान होते. जेवढा वेग, तेवढा खड्ड्याचा दणका. स्कॉट यांनी आपली मोटार सांभाळत पुढे नेली. २५ फेऱ्या उरलेल्या असताना त्यांनी रिचर्ड पेटी यांना मागे टाकले. पेटी यांची मोटार तोवर खिळखिळी झाली होती, पण मोटार शेवटपर्यंत टिकवणे हाही या खेळातील कौशल्याचाच भाग आहे. स्कॉट आघाडीवर होते, दोन फेऱ्यांनी पुढे होते आणि त्यांना ते ठाऊक होते. दोनशे फेऱ्या झाल्या. विजेत्यासाठीचा चौकडीचा झेंडा मात्र हलला नाही. स्कॉट थांबले नाहीत. त्यांनी आणखी एक फेरी घेतली, मग आणखी एक. त्यानंतर झेंडा पडला तो बक बेकर यांच्यासाठी. बेकर यांना विजेते घोषित करण्यात आले. करंडक, छायाचित्रे, सत्कार, सारे रीतसर पार पडले.

स्कॉट यांनी नोंदींची फेरतपासणी मागितली. कागद पुन्हा तपासले गेले. त्यात तास गेले, प्रेक्षक घरी गेले, बाके रिकामी झाली. मग अधिकाऱ्यांनी मोजणीत चूक झाल्याचे मान्य केले आणि विजेता वेंडेल स्कॉट असल्याचे जाहीर केले. बक्षिसाचे १००० डॉलर त्यांना मिळाले. करंडक मात्र बेकर यांच्याबरोबर निघून गेला होता. ही खरोखरच मोजणीतील चूक होती, की विजेत्या कृष्णवर्णीय चालकाने प्रथेप्रमाणे गोऱ्या सुंदरीच्या हातून करंडक घ्यावा आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घ्यावे, हे दृश्य हजारो प्रेक्षकांसमोर येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था होती? स्कॉट आणि त्यांचे कुटुंबीय दुसऱ्या कारणावर ठाम राहिले. सुमारे महिनाभराने सव्हानाच्या ट्रॅकवर त्यांच्या हाती एक स्वस्तातला लाकडी करंडक ठेवण्यात आला. त्यावर नावही कोरलेले नव्हते.

एवढे झाल्यावर एखादा माणूस हा खेळ सोडून देता तर त्याला कोणी दोष दिला नसता. स्कॉट यांनी पुढच्या शर्यतीसाठी मोटार तयार केली. या मालिकेत प्रत्येक शर्यतीतील क्रमांकानुसार गुण मिळत आणि वर्षअखेरीस त्यांची बेरीज होई. विजय विकत आणणारी मोटार परवडत नसली, तरी शर्यत पुरी करणारी मोटार बांधता येत होती. १९६६ च्या हंगामात ते गुणांच्या यादीत सहाव्या स्थानी होते, आणि १९६९ पर्यंत दरवर्षी पहिल्या दहांत राहिले. मागे होते ते कंपन्यांच्या पैशावर चालणारे संघ नव्हे, हे खरे. तरीही एका गॅरेजमधून, एका कुटुंबाच्या बळावर एवढी मजल मारणारे फार थोडे होते.

दरम्यान खेळ बदलत गेला. मातीचे छोटे ट्रॅक मागे पडले, डांबरी आणि प्रचंड वेगाचे ट्रॅक आले. सप्टेंबर १९७० मध्ये रॅले येथे झालेल्या शर्यतीनंतर या मालिकेतून माती जी गेली, ती पन्नास वर्षांसाठी. नव्या ट्रॅकवर कौशल्यापेक्षा अश्वशक्तीला, म्हणजेच पैशाला अधिक भाव होता. मे १९७३ मध्ये ॲलाबामातील तालाडेगाच्या महाकाय डांबरी ट्रॅकवर वीसहून अधिक मोटारींच्या भीषण अपघातात स्कॉट गंभीर जखमी झाले. वयाच्या ५१ व्या वर्षी झालेल्या त्या अपघाताने त्यांची कारकीर्द जवळजवळ संपवली. त्यानंतर त्यांनी जेमतेम एक शर्यत केली आणि डॅनव्हिलच्या गॅरेजमध्ये लोकांच्या मोटारी दुरुस्त करीत ते उरलेले आयुष्य जगले. १९७७ मध्ये त्यांच्या जीवनावर बेतलेला ‘ग्रीस्ड लाइटनिंग’ हा चित्रपट आला. रिचर्ड प्रायर यांनी त्यात स्कॉट यांची भूमिका केली. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सर्वोच्च मालिकेत त्यांच्या नावावर ४९५ शर्यती आहेत. त्यांपैकी १४७ मध्ये ते पहिल्या दहांत आले आणि एक जिंकली. ४९५ हा आकडा नुसता वाचला तर कोरडा वाटतो. त्याचा अर्थ असा, की ४९५ वेळा मोटार बांधून झाली, डबे भरले गेले, मुले आणि अवजारे गाडीत बसली आणि जेथे आपले स्वागत होईल याची खात्री नाही अशा गावाच्या दिशेने ती गाडी निघाली.

२०१५ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्यांच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे नॅसकारने त्यांच्या कुटुंबाला जॅक्सनव्हिलच्या त्या विजयाचा करंडक दिला. मूळ करंडक नव्हे, त्याची प्रतिकृती. त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, बब्बा वॉलेस यांनी शर्यत जिंकली आणि या सर्वोच्च मालिकेत विजय मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय चालक ठरले. ती शर्यत तालाडेगाची होती. ज्या ट्रॅकवर स्कॉट यांची मोटार मोडली, त्याच ट्रॅकची. पहिल्या विजयाला तोवर जवळपास ५८ वर्षे होत आली होती.

डॅनव्हिलमध्ये स्कॉट यांचे घर ज्या रस्त्यावर होते, त्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.